गाड्यावरचा भात

आमच्या वसतिगृहात एक अलिखित नियम आहे. रस्त्यावरच्या गाड्यावर खावे सर्वांनी, पण खाल्ले असे सांगू मात्र कोणी नये. हॉटेलात बसून डोसा खाल्ला तर तो नाश्ता, आणि तोच डोसा चौकात उभ्याने खाल्ला तर अरबट-चरबट! विद्यार्थी मित्रहो, या नियमाविरुद्ध चार शब्द लिहावेत असे फार दिवस मनात होते. निमित्त मिळाले ते एका परदेशी भाताचे.

माझा खोलीसोबती तिपटूरचा. तिपटूर म्हणजे खोबऱ्याची मोठी बाजारपेठ, हे कन्नड विभागाच्या वाचकांना सांगायला नकोच. दर सुटीनंतर तो पिशवीभर नारळ घेऊन येतो. त्याचा आतेभाऊ मलेशियात क्वालालंपूरला नोकरीस आहे. त्याने कळवलेल्या कृतीप्रमाणे एका रविवारी आम्ही 'नासी लेमाक' रांधला. नासी म्हणजे भात आणि लेमाक म्हणजे स्निग्ध. पाण्याऐवजी नारळाच्या दुधात मीठ-आले घालून तांदूळ शिजवायचा, सोबत लाल मिरची, कांदा आणि चिंच यांची झणझणीत चटणी, तळलेले शेंगदाणे, काकडीच्या चकत्या आणि उकडलेले अंडे. भातात तिकडे पांदानचे पान घालतात, ते आपल्या केवड्याच्या कुळातले. ते आम्हांला मिळाले नाही. मांदेलीच्या जातीचे छोटे सुके मासेही वगळावे लागले, कारण वसतिगृहात तो वास लपला नसता. एवढे वगळूनही पातेले पंधरा मिनिटांत रिकामे झाले.

पण माझ्या मनात घर केले ते त्या आतेभावाच्या एका वाक्याने. त्याने लिहिले होते की हा भात तिकडे सकाळी रस्त्याच्या कडेला केळीच्या पानात बांधून विकतात, आणि बँकेतला साहेब आणि हमाल एकाच रांगेत उभे राहून तो घेतात. शेजारच्या सिंगापुरात सरकारने 1970 च्या दशकात फेरीवाल्यांना रस्त्यावरून उठवले, हे खरे. पण उठवून वाऱ्यावर सोडले नाही. त्यांच्यासाठी पाण्याची, सांडपाण्याची सोय असलेली केंद्रे बांधली. 2020 साली युनेस्कोने तिथल्या या खाद्यसंस्कृतीला मानवजातीच्या वारशाच्या यादीत स्थान दिले. आपल्याकडे गाडा म्हटले की आधी अतिक्रमण हा शब्द आठवतो.

आता माझ्या गावाकडे येतो. आदिलाबाद जिल्ह्यातले उटनूर हे माझे गाव. शाळा मराठी, बाजार तेलुगू, आणि आठवडी बाजारात गोंडीही कानांवर पडते. आमच्याकडे नारळाचे झाड नाही. नारळ येतो तो लॉरीतून, आणि फुटतो तो देवापुढे. नारळाचा भात वर्षातून एकदाच, बतुकम्मेच्या शेवटच्या दिवशी. त्या दिवशी चिंचेचा, दह्याचा, तिळाचा असे भात करतात, त्यांत एक 'कोब्बरी', म्हणजे खोबऱ्याचा. फुले पाण्यात सोडल्यावर तो घासघास वाटून खायचा. एरवी गाड्यावर मिळतो तो पुलिहोरा, म्हणजे चिंचेचा भात, आणि इडलीसोबत शेंगदाण्याची चटणी.

यांतला एक गाडा माझ्या आईचा आहे.

हे मी या कॉलेजात आजवर कोणालाही सांगितलेले नाही. प्रवेशाच्या फॉर्मवर पालकांच्या व्यवसायापुढे मी 'शेती' असे लिहिले. आमच्याकडे शेत नाही. ज्या पुलिहोऱ्याच्या पैशांतून माझी फी भरली जाते, त्याचे नाव घ्यायला मी लाजलो, आणि दूरदेशीचा भात मात्र मिटक्या मारीत खाल्ला.

दसऱ्याच्या सुटीत मी आईला म्हटले, "गाड्यावर रोज नारळाचा भात ठेवून बघू या का?" तिने शेगडीवरची नजर न काढता हिशेब मांडला. नारळ चाळीस रुपयांना, त्यात आठ ताटल्या, म्हणजे ताटलीमागे पाच रुपये. "मला सुटतात सहा. मग मी काय, पुण्य विकू का रे?" वाणिज्य शाखेची दोन वर्षे माझ्या पदरी असूनही यावर मला उत्तर सुचले नाही. 2025 साली देशभर नारळाचे भाव कसे कडाडले ते मी वर्तमानपत्रात वाचले होते. तिला ते दुकानदाराने सांगितले होते.

मग मी तिची वही पाहिली. भांडवलासाठी ती रोजवसुलीचे कर्ज घेते. कागदावर दहा हजार, हातात नऊ हजार, आणि रोज शंभर रुपये असे शंभर दिवस. ऐकायला हजारच रुपये जास्त. पण मुद्दल रोज फिटत जाते, हे धरून मी गणित केले तर व्याजाचा दर वर्षाला 75 टक्क्यांच्या वर गेला. मी तीनदा तपासले. बँकेचे कर्ज नाही का, असे तुम्ही विचाराल. पथविक्रेत्यांसाठी 2014 साली कायदा झाला, पण तो नगरपालिका, नगरपंचायत अशा शहरी संस्थांच्या हद्दीपुरता. उटनूर पडले ग्रामपंचायतीचे गाव. 2020 ची स्वनिधी योजनाही शहरांसाठीच निघाली. 2025 साली तिचे पहिले कर्ज दहा हजारांवरून पंधरा हजारांवर नेले आणि जनगणनेत शहर गणलेल्या गावांपर्यंत ती टप्प्याटप्प्याने पोचवायचे ठरले. तो टप्पा आईच्या गाड्यापर्यंत यायचा आहे.

माझे म्हणणे एवढेच की आपण ताळेबंद शिकतो तो मोठ्या कंपन्यांचा, आणि पहाटे चारला उठून दोनशे माणसांना जेवू घालणाऱ्या बाईचा धंदा आपल्या पुस्तकात कुठेच नसतो. प्राध्यापकांनी एखादा तास कॉलेजच्या फाटकाबाहेरच्या गाड्यावर घ्यावा. भांडवल, घट, उधारी, सगळे तिथे आहे, आणि चहाही मिळतो.

सुटीच्या शेवटच्या बाजारदिवशी तिपटूरचे चार नारळ मी आईला दिले. फुकटचे होते म्हणून तिने भात केला. नऊ वाजायच्या आत तो संपला, आणि दोघे-तिघे दुसऱ्या दिवशीही विचारीत आले. आईने त्यांना पुलिहोरा वाढला.