कल्याणच्या लोहाराने दिलेली वाट

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात वाटाड्यासह दिवसभराची डोंगरभ्रमंती करायची असेल तर आधी नाव नोंदवावे लागते, पैसे भरावे लागतात आणि सकाळी सातच्या आत फाटकापाशी हजर राहावे लागते. इतकी वर्षे मी कान्हेरीला जातो आहे, पण कधी वाटाड्या घेतला नव्हता. आपल्या घरी जायला वाटाड्या कशाला, अशी आपली भावना. या खेपेस भाच्याने परस्पर दोघांची नावे नोंदवली आणि म्हणाला, "मामा, एकदा दुसऱ्यांच्या तोंडून ऐकू या." जानेवारीअखेरचा रविवार होता. गेलो.

वीस-बावीस माणसे होती. भारी बूट, गळ्यात दुर्बिणी, पाठीवर पाण्याच्या पिशव्या. पुढे एक तरुण वाटाड्या, इंग्रजी-मराठी-हिंदी तिन्ही सफाईने बोलणारा. सर्वात मागे दुसरा एक तरुण, उद्यानातल्याच एका पाड्यावरचा वारली. त्याच्या खांद्यावर सगळ्यांच्या नाश्त्याची पिशवी. पुढच्याची ओळख 'आपले तज्ज्ञ' अशी करून देण्यात आली. मागच्याची ओळख कुणी करून दिली नाही.

पुढचा तरुण जाणकार होता, हे कबूल केले पाहिजे. तांबट कुठे ठोकतो, हळद्या कुठल्या झाडावर बसतो, काटेसावर पाने गाळून मग लाल का होते, कारवी सात वर्षे नुसती वाढते आणि आठव्या वर्षी एकदम सारा डोंगर जांभळा कसा करते, हे त्याने इतक्या गोडीने सांगितले की मीही वही काढली. मुंबईसारख्या शहराच्या पोटात सुमारे 104 चौरस किलोमीटरचे जंगल टिकून आहे, त्यात बिबटे आहेत, तुळशी आणि विहार हे दोन तलाव आहेत, त्यांचे पाणी मुंबई पिते. हे सारे ऐकताना अभिमान वाटतो. वाटेत पायवाट फुटली तेथे मात्र तज्ज्ञाने दोनदा मागे वळून पाहिले. मागच्या तरुणाने मान हलवून दिशा दाखवली. वाट कुणाला ठाऊक होती, ते मला तेथेच कळले.

फाटकापासून सहा-सात किलोमीटर आत कान्हेरी. येथे पुरातत्त्व खात्याचे वेगळे तिकीट. शंभरावर लेणी, इसवी सनाच्या आगेमागे सुरू होऊन हजारएक वर्षे वस्तीत असलेला विहार, यज्ञश्री सातकर्णीच्या काळात दोन व्यापारी भावांनी कोरवून घेतलेले चैत्यगृह, त्याच्या ओसरीत दोन्ही टोकांना उभ्या असलेल्या बुद्धाच्या प्रचंड मूर्ती. मी वाट पाहत होतो, आता हा काय सांगतो. त्याने सांगितले ते असे : "येथे पूर्वी साधू-भिक्षू राहत. शांत जागा आहे, आरडाओरडा करू नका. पंधरा मिनिटांत फोटो काढून घ्या, मग वर माथ्यावर जायचे आहे." झाले. तांबटाला वीस मिनिटे आणि तथागताला एक वाक्य. गटातल्या एका बाईंनी विचारले, ही पांडवांनी एका रात्रीत कोरली का? तज्ज्ञ हसला. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही.

यात त्या पोराचा दोष किती? त्याला जेवढे शिकवले तेवढे त्याने सांगितले. पक्ष्यांचे शिकवणारे भेटले, लेण्यांचे भेटले नाहीत. पण हे एका पोरापुरते नाही. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावरची लेणी लोकांच्या तोंडी पांडवलेणी झाली आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या तोंडाशी दुसरेच देऊळ उभे आहे. या डोंगराचेही तेच. कृष्णगिरी, काळा डोंगर, त्यावरून कान्हेरी. एकेकाळी उद्यानाचे नावही कृष्णगिरी होते. मग ते बोरिवली झाले, मग संजय गांधी झाले. ज्या डोंगरावरून उद्यानाला पहिले नाव मिळाले, तो डोंगर आता भ्रमंतीतला पंधरा मिनिटांचा थांबा आहे.

माथ्याकडे चढताना बाजूच्या कातळात चौकोनी तोंडाची टाकी दिसतात. गटातले कुणी त्यांना कुंड म्हणाले, कुणी हौद. शिलालेखांत त्यांना 'पोढी' म्हटले आहे. उघड्या कातळावर पडणारा पावसाचा थेंब वाया जाऊ नये म्हणून उतारावर बोटभर, वीतभर खोलीचे पाट कोरले आहेत आणि ते पाट पाणी आणून पोढीत सोडतात. जवळजवळ प्रत्येक लेण्याला आपली पोढी. मुंबईला नळ येण्याच्या दीडएक हजार वर्षे आधी या कोरड्या डोंगरावर शेकडो भिक्खू बारा महिने राहू शकले ते या कारागिरीवर. आणि हे कुणी करून दिले? राजांनी थोडे. बाकी कल्याणच्या, सोपाऱ्याच्या, चेमुल्याच्या सामान्य माणसांनी. कल्याणच्या एका सोनाराने पोढी दिली. सोपाऱ्याच्या जवाहिऱ्याने दान दिले. भिक्खुणींनी दिले, बायकांनी स्वतःच्या नावाने दिले. ही दाने कोणा एकाला नाहीत, चारी दिशांहून येणाऱ्या भिक्खुसंघाला आहेत. ज्या संघात उपाली न्हावी थोर विनयधर झाला आणि रस्ते झाडणारा सुनीत थेर झाला, त्या संघाला.

पोढीच्या काठावर बसलो होतो. तज्ज्ञ म्हणाला, "पाण्याला हात लावू नका, स्वच्छ नाही." सूचना बरोबरच होती. पण मला एकदम दौलताबाद आठवले.

1934 साली बाबासाहेब चळवळीतल्या तीसएक सहकाऱ्यांसह वेरूळची बौद्ध लेणी पाहायला निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला. प्रवासाने सारे धुळीने माखलेले. दाराजवळ पाण्याने भरलेला छोटा हौद होता, त्याच्या काठच्या फरसबंदीवर काहींनी हातपाय-तोंड धुतले. तेवढ्यावरून हौद बाटवला म्हणून आरडाओरडा झाला, शिवीगाळ झाली, जमाव जमला. हे करणारे तेथले मुसलमान होते. अस्पृश्यता हिंदूंपुरती थांबत नाही, हे बाबासाहेबांना त्यातून जगाला सांगायचे होते. अखेर किल्ला पाहण्याची परवानगी मिळाली ती एका अटीवर, आत कोठेही पाण्याला शिवायचे नाही. आणि ती अट पाळली जाते की नाही हे पाहायला बरोबर एक हत्यारबंद शिपाई दिला. परदेशांतून पदव्या घेऊन आलेला बॅरिस्टर डोंगरी किल्ला चढतो आहे आणि त्याच्या सोबतीला दिलेला माणूस वाट दाखवायला नाही, पाणी राखायला आहे! बाबासाहेबांनी हे सारे आपल्या आठवणींत स्वतः लिहून ठेवले आहे. लेणी पाहायला निघालेल्या आपल्या माणसांची ती डोंगरभ्रमंती आपण विसरता कामा नये.

आज शिपाई नाही. तिकीट काढले की कोणीही चढावे. मग मला बोचते काय? बोचते हे की तेव्हा पाणी राखले जात होते, आता गोष्ट राखली जाते. आणि ती राखायला कुणाला हत्याराची गरज पडत नाही, आपले मौन पुरते.

माथ्यावरून चौफेर दिसते. एका बाजूला तुळशी-विहारचे पाणी, दुसरीकडे खाडी, हवा स्वच्छ असली तर गोराईच्या विपश्यना पॅगोड्याचा सोनेरी घुमटही. पायथ्याशी पत्र्यांची दाटी. दुर्बीण लावलेला एक गृहस्थ म्हणाला, "हे लोक नसते तर जंगल किती सुंदर असते." चारदोन माना डोलल्या. मागचा वारली तरुण केळी वाटत होता, त्याचे हात क्षणभर थांबले.

'हे लोक' कोण ते सांगितले पाहिजे. 1995 साली पर्यावरणवाद्यांनी केलेल्या याचिकेवर 1997 साली उच्च न्यायालयाचा आदेश आला आणि उद्यानातल्या हजारो झोपड्यांवर बुलडोझर फिरले. 2000 साली पाडापाडीसाठी हेलिकॉप्टरसुद्धा आणले होते. 1 जानेवारी 1995 पूर्वीच्या मतदारयादीत नाव असेल आणि सात हजार रुपये भरता आले तरच पर्यायी घराची आशा. रोजंदारीवर जगणाऱ्याने सात हजार एकदम कोठून आणायचे? त्या पत्र्यांखाली मराठवाड्याच्या दुष्काळातून आलेली आपलीही माणसे होती. पाड्यांवरचे वारली, महादेव कोळी तर उद्यानाच्या फाटकाला कुलूप लागण्याच्या कितीतरी आधीपासून येथले. वाघोबाला देव मानून बिबट्याबरोबर राहिलेली ही माणसे कागदोपत्री अतिक्रमक ठरतात. ज्या डोंगराचे पाणी शहर पिते त्याच डोंगरातल्या कित्येक पाड्यांना वर्षानुवर्षे नळ नाही, वीज नाही. मी जंगलाच्या विरोधात नाही. जंगल राहिलेच पाहिजे. पण जंगल कुणी राखले आणि दुर्बीण कुणाच्या हातात आली, हा प्रश्न विचारणे म्हणजे जंगलाचा शत्रू होणे नव्हे. त्या गृहस्थाला मी हे माथ्यावरच बोललो. तो म्हणाला, "राजकारण नको, निसर्गात आलो आहोत."

आता आपल्याकडे वळू. कारण दुसऱ्याला बोलणे सोपे. आपण कान्हेरीला कसे जातो? बुद्धपौर्णिमेला गाड्या करून, निळे-पंचरंगी झेंडे घेऊन. चैत्यात त्रिशरण-पंचशील होते, भाषणे होतात, सावलीत डबे सुटतात. तीननंतर परतीची घाई. किती जण वरच्या लेण्यांपर्यंत चढतात? जेथे थेरांच्या अस्थींवर विटांचे स्तूप बांधले होते, ती निर्वाणवीथी किती जणांनी पाहिली? आणि आपण गेल्यावर मागे उरलेल्या पत्रावळी-प्लास्टिक कोण उचलतो? बहुधा तोच पाड्यावरचा तरुण. हे लिहिताना मला आनंद होत नाही, पण लिहिले पाहिजे.

उतरताना तो वारली तरुण माझ्याजवळून चालू लागला. माझ्या छातीवरचा बिल्ला त्याने पाहिला असावा. एका लेण्याच्या भिंतीपाशी थांबून अक्षरांवर बोट ठेवत म्हणाला, "काका, तुमच्या देवाचं आहे ना हे? काय लिवलंय? मला लहानपणापासून इचारायचं व्हतं, कोन सांगत नाय." बुद्ध देव नाही, हे मी त्याला लगेच समजावले. ते मला येते. पण अक्षर? तीस वर्षे मी व्यासपीठांवरून ही लेणी आमचा वारसा आहेत म्हणून गर्जना केल्या आहेत. त्या भिंतीवरचे एक अक्षर मला वाचता आले नाही. पोरगा वाट पाहत उभा राहिला, मग समजुतीने हसला आणि पुढे गेला.

हे लाजिरवाणे होते आणि दुरुस्त करता येण्याजोगेही. कान्हेरीचे शिलालेख दडवलेले नाहीत. डॉ. शोभना गोखले यांचा त्यावरचा ग्रंथ 1991 पासून उपलब्ध आहे. 2024 साली मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा पाली आणि प्राकृतलाही मिळाला, त्याचा जल्लोष आपण केला. त्यांतली प्राकृत या डोंगरावर कोरलेली आहे. धम्मलिपी शिकवणारे वर्ग आता ठिकठिकाणी भरतात, आपलीच मुले-मुली ते चालवतात. मग उद्यानाभोवतीच्या वस्त्यांतली आपली पोरे आणि पाड्यांवरची पोरे मिळून या डोंगराची वाटाडी का होऊ नयेत? झाड-पाखरू वारल्याच्या पोराने सांगावे, त्याच्या नावाने आणि पुढे उभे राहून सांगावे. शिलालेख आपल्या पोरीने वाचावा. दोघांना दिवसाची रोख मजुरी मिळावी. वनखात्याकडे, पुरातत्त्व खात्याकडे यासाठी परवाने आणि प्रशिक्षण मागायला मोर्चा लागत नाही, पण लागला तर तोही काढावा. स्मारकांसाठी आपण काढतोच की.

याच डोंगरावरच्या एका लेखात एका दानाची नोंद आहे. दान लेण्याचे नाही, पोढीचे नाही, मूर्तीचे नाही. कल्याणच्या नंद नावाच्या लोहाराने वाट दान दिली आहे. चढायची वाट. लोहाराकडे छिन्नी-पहार घडवण्याचे कसब असणार, त्याने डोंगर चढणे सोपे करून दिले आणि आपले नाव, गाव, धंदा न लाजता कोरवून ठेवला. दोन हजार वर्षांच्या आसपास झाली. आम्ही वीस-बावीस माणसे दिवसभर त्या डोंगरावर चाललो. त्याचे नाव कुणी घेतले नाही, कारण कुणाला ते माहीत नव्हते. मलासुद्धा ते घरी येऊन पुस्तकात सापडले.

भाचा आता दर रविवारी धम्मलिपीच्या वर्गाला जातो. मीही जातो, मागच्या बाकावर बसतो. शिकवणारी मुलगी माझ्या नातीच्या वयाची आहे. 'प' आणि 'ह' यांत माझा अजून घोटाळा होतो आणि ती ओरडते. पण 'पोढि' मला आता वाचता येते. पुढच्या पौर्णिमेला आम्ही पाच जण पायी वर चढणार आहोत. त्या पाड्यावरच्या तरुणाला निरोप धाडला आहे. त्याने उलट विचारले आहे, पिशवी उचलायला येऊ का वाट दाखवायला?