घर आधी, परतणे मागाहून

लातूरहून औशाकडे आणि औशाहून तुळजापूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गाचे चौपदरीकरण झाल्यापासून रस्त्याच्या दोन्ही अंगांच्या काळ्या रानात सोयाबीन आणि तुरीच्या जोडीने आणखी एक पीक उभे राहू लागले आहे. चुना फासलेले दगड, मुरूम टाकलेले चार आडवे-उभे रस्ते, दर्शनी भागी एक कमान आणि कमानीवर एखाद्या दैवताचे नाव, एवढ्या भांडवलावर शेताचे 'प्लॉटिंग' होते. हे तुकडे घेणाऱ्यांत व्यापारी आहेत, शिक्षक आहेत, पुण्यात नोकरी करणारे तरुण आहेत. त्यांत आणखी एक वर्ग असा आहे की, जो खरेदीच्या दिवशी गावात हजर नसतो. रियाध, दुबई, मस्कत येथे वीजतंत्री, वाहनचालक किंवा हिशेबनीस म्हणून राबणारी ही माणसे गावी परतण्याच्या कितीतरी वर्षे आधी गावात घराची तजवीज करून ठेवतात. अलीकडे अमेरिका-ऑस्ट्रेलियात गेलेल्या अभियंत्यांची त्यांत भर पडली आहे.

रिझर्व्ह बँकेने २०२०-२१ या वर्षाबाबत केलेल्या पाहणीत परदेशातून येणाऱ्या रकमांपैकी ३५ टक्क्यांहून अधिक वाटा एकट्या महाराष्ट्राचा असल्याचे आढळले. केरळही मागे पडला. त्यातला मोठा हिस्सा मुंबई-पुण्याचा असणार हे उघड आहे. परंतु औशासारख्या तालुक्याच्या गावी येणाऱ्या पैशाचे महत्त्व त्याच्या आकारावरून ठरत नाही. तो कशात अडकतो आणि अडकल्यावर कोणाचा राहतो, यावरून ते ठरते.

परतण्यास दहा-पंधरा वर्षांचा अवकाश असताना घर घेऊन ठेवणे शहाणपणाचे की अविचाराचे? शहरी अर्थतज्ज्ञाचे उत्तर ठरलेले असते: राहायचे नाही त्या घरात पैसा कोंडू नये, तो व्याजी लावावा आणि परतल्यावर घर घ्यावे. हे उत्तर अमेरिकेतील अभियंत्याच्या बाबतीत बहुधा बरोबरही आहे. त्याची परतण्याची तारीख त्याच्या स्वतःच्या हाती असते, आणि मुले तिकडच्या शाळेत रुळली की ती तारीख पुढे-पुढे सरकत जाते. आखातातील कामगाराची गोष्ट निराळी. तेथे वीस वर्षे राबूनही नागरिकत्व मिळत नाही. वास्तव्य नोकरीशी बांधलेले असते. १९९० मध्ये इराकने कुवेत गिळंकृत केले तेव्हा सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना अम्मानमार्गे विमानांनी मायदेशी आणावे लागले. सौदी अरेबियाने स्थानिकांना नोकऱ्या देण्याचे 'निताकत' धोरण २०११ मध्ये आणले आणि २०१३ मध्ये त्याचा बडगा उगारला, तेव्हाही अनेकांना गाशा गुंडाळावा लागला. मे २०२० मध्ये 'वंदे भारत' मोहिमेची विमाने सुरू झाली तेव्हा परतणाऱ्यांत असे असंख्य होते की, ज्यांनी त्या वर्षी परतण्याचा विचारही केला नव्हता. ज्याला परतण्याची तारीख दुसरा कोणी कळवणार आहे, त्याने निवाऱ्याची सोय आधी करून ठेवावी, हे त्याचे म्हणणे अडाणीपणाचे नाही.

तथापि हिशेबाची एक बाजू या मंडळींच्या ध्यानात सहसा येत नाही. सौदी रियाल १९८६ पासून डॉलरला ३.७५ या दराने जखडलेला आहे. १९९० मध्ये डॉलर साडेसतरा रुपयांच्या घरात होता. डिसेंबर २०२५ मध्ये त्याने नव्वदी ओलांडली. म्हणजे जो रियाल १९९० मध्ये पावणेपाच रुपयांचा होता तो पस्तीस वर्षांत चोवीस रुपयांचा झाला. नुसता पेटीत पडून राहिलेला रियालही रुपयांच्या मापाने वर्षाकाठी पावणेपाच टक्क्यांच्या आसपास वाढत गेला. गावातल्या प्लॉटची किंमत 'दुपटीने वाढली' असे कौतुकाने सांगितले जाते, तेव्हा ती किती वर्षांत वाढली हे विचारून ही वाढ त्यातून वजा केली पाहिजे. बंद घराचा हिशेब तर याहून वाईट. त्याला भाडे नाही, पण घरपट्टी आहे, वाळवी आहे आणि गळणारा गिलावा आहे. २०११ च्या जनगणनेत देशातील ३३ कोटी घरांपैकी सुमारे अडीच कोटी घरे रिकामी आढळली होती. त्यांतली सारीच धनिकांची नव्हती.

उलट बाजूही नोंदविली पाहिजे. पेटीतला रियाल पेटीत राहत नाही. तो दरमहा घरी येतो आणि लग्नकार्ये, सण, दवाखाना, धाकट्याची फी यांत विरून जातो. प्लॉटचा हप्ता ही अशा कुटुंबाची सक्तीची बचत असते, आणि कोणत्याही मुदत ठेवीला ही सक्ती साधत नाही. म्हणून या प्रश्नाचे अधिक समंजस उत्तर असे दिसते की, जमीन आधी घ्यावी आणि भिंती शक्य तितक्या उशिरा उभ्या कराव्यात. औशात आज नेमके याच्या उलट घडते. जमिनीचे कागद कच्चे राहतात आणि घर मात्र घाईने दुमजली होते.

जमिनीच्या कागदांत पहिली मेख अशी की, ज्याला प्लॉट म्हणून विकले जाते ते पुष्कळदा सातबाऱ्यावर शेतच असते. १९९९ च्या परकीय चलन व्यवस्थापन कायद्याखालील नियमांनुसार, नोकरीसाठी परदेशी राहणाऱ्या अनिवासी भारतीयाला राहते घर किंवा दुकान घेता येते. शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस खरेदी करता येत नाही. वडिलोपार्जित शेत वारसाने आले तर ते ठेवता येते, पण विकत घेता येत नाही. दहा वर्षे जेद्दाहला असणाऱ्या माणसाने एक गुंठा 'बाँड'वर घेतला, तर तो व्यवहार एकाच वेळी दोन कायद्यांच्या कचाट्यात सापडतो: एक हा, आणि दुसरा १९४७ चा तुकडेबंदीचा. राज्य शासनाने २०२५ मध्ये गुंठ्या-गुंठ्याचे जुने व्यवहार नियमित करण्याचे पाऊल उचलले, तेव्हा अनेकांना हायसे वाटले. परंतु तुकडेबंदी हा राज्याचा विषय आहे; अनिवासी भारतीयाने शेतजमीन घेण्यावरची बंदी केंद्राच्या कायद्यातली आहे. एका कुलपाची किल्ली दुसऱ्याला लागेलच असे धरून चालणे धोक्याचे आहे.

मराठवाड्यात तर आणखी एक थर खाली असतो. हा मुलूख सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. इनामाच्या जमिनी, मदतमाश, खिदमतमाश, भोगवटादार वर्ग दोन, या शब्दांचा अर्थ पुण्यातल्या वकिलाला समजावून सांगावा लागतो. औशातल्या तलाठ्याला नव्हे. आजच्या सातबाऱ्यावर निर्वेध दिसणारी जमीन १९५४-५५ च्या खासरा पाहणीत कोणाच्या नावे आणि कोणत्या धारणेची होती, हे पाहिल्याखेरीज येथे जमीन घेणे म्हणजे पान न उलटता पुस्तकाचा अभिप्राय देणे होय. पाचशे चौरस मीटरांहून मोठ्या ले-आऊटची महारेराकडे नोंदणी असते, हेही विचारले पाहिजे. दुबईत वाहन चालवणारा हे कसे पाहणार? तो भावाला फोन करतो.

आणि येथे या लेखाचे बहुतेक वाचक प्रश्नात शिरतात. कारण तो भाऊ पुष्कळदा शिक्षक असतो किंवा कचेरीत कारकून असतो. त्याला कागद वाचता येतो, तहसिलात त्याची ओळख असते आणि त्याच्या शब्दाला घरात मान असतो. 'दादा, तुमच्याच नावावर घ्या, मी आलो की बघू,' असे धाकटा म्हणतो, ते विश्वासाने म्हणतो. दादाही ते विश्वासानेच मान्य करतो. दोघांच्याही मनात पाप नसते. पण १९८८ चा बेनामी व्यवहारांचा कायदा नोव्हेंबर २०१६ पासून कडक झाला, तो मनातले पाप-पुण्य पाहत नाही. पैसा एकाचा आणि नाव दुसऱ्याचे, म्हणजे व्यवहार बेनामी. पत्नी आणि मुले यांच्या नावे, उत्पन्नाचे ज्ञात साधन असेल तर, घेता येते. भाऊ, बहीण किंवा आईवडील यांच्या नावे घ्यायचे, तर कागदावर पैसे देणाऱ्याचेही नाव सहमालक म्हणून असले पाहिजे. ते नसेल तर मालमत्ता सरकारजमा होण्याचा धोका आहे. शिवाय 'पैसे माझे, खरा मालक मीच' असे न्यायालयात सांगण्याचे दारही बंद आहे.

दादाच्या बाजूनेही प्रश्न आहेच. महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम, १९७९ यांनुसार शासकीय कर्मचाऱ्याने स्वतःच्या व कुटुंबीयांच्या नावे असलेल्या स्थावर मालमत्तेची माहिती द्यावयाची असते. कारकुनाच्या पगारात न बसणारा दुमजली बंगला त्याच्या नावावर उभा राहिला, तर उत्तर त्याला द्यावे लागते, रियाधमधल्या भावाला नव्हे. दादा अकाली गेला, तर ते घर त्याच्या पत्नीच्या व मुलांच्या वारसाहक्काचे होते. वहिनीने 'हे तुमचे' असे म्हणावे ही अपेक्षा ठेवता येते, मात्र तिच्या मुलांवरही तो भार टाकणे अन्यायाचे आहे. वडिलांचे नाव घालण्याची रीत अधिक सोज्ज्वळ वाटते. वडिलांनी मुलाला राहते घर बक्षीसपत्राने दिल्यास मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये लागते, म्हणून ती स्वस्तही वाटते. पण बक्षीसपत्र करायचे राहून गेले आणि मृत्युपत्रही नसले, तर बहिणींसह सर्व वारस हक्कदार ठरतात, आणि त्यांनी आपला हक्क का सोडावा, याला न्याय्य उत्तर नाही.

'मग खरेदी नको, सर्वाधिकारपत्र करून देऊ' हा गावातला लाडका तोडगा. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्पच्या खटल्यात स्पष्ट केले की, कुलमुखत्यारपत्राने मालकी हस्तांतरित होत नाही. त्याला नोंदणीकृत खरेदीखतच हवे. मुखत्यारपत्राचा उपयोग धाकट्याच्या वतीने दादाने सही करण्यापुरता आहे, आणि तो जरूर करावा. मात्र ते भारतीय वकिलातीत साक्षांकित झालेले, ठरावीक कामापुरते, आणि येथे पोहोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित केलेले असावे. पैसाही हुंडीने न येता परदेशस्थाच्या स्वतःच्या बँक खात्यातून विकणाऱ्याच्या खात्यात जावा. हुंडीचा दर दोन पैशांनी बरा असतो खरा, पण तिची पावती कोणत्याही न्यायालयात दाखवता येत नाही.

राहिल्या भिंती. 'घर पाहावे बांधून' या म्हणीतले क्रियापद लोक विसरतात. तिच्यात पाहणारा हजर धरलेला आहे. गैरहजर मालकाच्या घराचा प्रश्न औसा तालुक्यात केवळ पैशाचा नाही. किल्लारी याच तालुक्यातली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास झालेल्या भूकंपात सरकारी नोंदीप्रमाणे सुमारे ८ हजार माणसे गेली. त्यांतली बहुतेक दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरचे मातीचे जड माळवद यांखाली गेली. २००२ मध्ये भूकंपप्रवणतेचा नकाशा सुधारला तेव्हा, पूर्वी सर्वांत निर्धोक विभागात गणलेला हा परिसर तिसऱ्या विभागात आला. आज माळवदाची जागा स्लॅबने घेतली आहे. पण जोत्याला आणि दारा-खिडक्यांच्या वर सळयांचा पट्टा आहे की नाही, काळ्या जमिनीत पाया मुरमापर्यंत नेला आहे की नाही, हे गिलावा झाल्यावर दिसत नाही. ते काम चालू असतानाच पाहावे लागते. काँक्रीटवर किती दिवस पाणी मारले, हेही तसेच. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले. तशा उन्हाळ्यात ज्याचा स्लॅब पडतो, त्याच्या स्लॅबला पाणी कोण मारणार? गुत्तेदार छायाचित्रे पाठवतो, ती रंग दिल्यानंतरची असतात.

भूकंपानंतर सरकारने वसविलेली गावेही या बाबतीत पाहण्यासारखी आहेत. घरे मजबूत झाली, रस्ते रुंद झाले. पण राहणाऱ्याला न विचारता आखलेल्या त्या रांगांत जनावरे कोठे बांधावीत, कणगी कोठे ठेवावी, हे कोणी पाहिले नव्हते. लोकांनी पुढे स्वतःच पडव्या आणि ओटे जोडून घेतले. आखातातून आलेला माणूस आपल्या दुमजली घरात पन्नाशीला राहायला येतो, तेव्हा त्याचीही गत काहीशी अशीच होते. जिना गुडघ्यांना जड, मुले पुण्याला, आणि वरचा मजला कबुतरांचा. लातुरात शिकवण्यांसाठी येणाऱ्या विद्यार्थ्यांमुळे खोल्यांना भाडे मिळते. वीस किलोमीटरांवरच्या औशात ते तसे मिळत नाही.

आखातातला कामगार वर्षा-दोन वर्षांनी महिन्या-दीड महिन्याच्या रजेवर येतो. लग्ने, पाहुणे, बाजार यांत ते दिवस निघून जातात, आणि खरेदीचे काम 'दादा बघतील' म्हणून मागे राहते. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत स्वतः उभे राहून अंगठा आणि छायाचित्र द्यायला त्या रजेतला एक दिवस पुरतो. त्याआधी तहसिलातून जुन्या नोंदींच्या नकला काढायला आठ-पंधरा दिवस. दादाने त्या रजेच्या आधीच काढून ठेवल्या, तर तो एक दिवसही गर्दीचा होत नाही.