ॲम्प बदलण्याआधी अर्थ तपासा

गाडीत नवा स्टिरिओ बसवला, डिकीत ॲम्प आणि वूफर आले, दारांत चांगले स्पीकर लागले. आणि गाण्यामागून एक बारीक ‘शींऽऽ’ ऐकू येऊ लागली. रेस दिली की ती चढते, पाय काढला की उतरते. ही तक्रार घेऊन दुकानात गेलं की बहुतेक वेळा दोनपैकी एक उत्तर मिळतं : ‘फिल्टर टाकू’, नाहीतर ‘ॲम्प हलका आहे, मोठा घ्या.’ माझी कळकळीची विनंती आहे, दोन्हींपैकी कशालाही लगेच हो म्हणू नका. आवाज कुठून आत शिरतो ते आधी शोधा. त्यासाठी एक सुटी दुपार, एक मल्टीमीटर आणि थोडी चिकाटी पुरते. दोष बहुतेक वेळा जोडणीत सापडतो, आणि तो काढायला नवं यंत्र लागत नाही.

ही शीळ येते कुठून, ते समजलं की शोध सोपा होतो. अल्टरनेटर आतल्या आत तीन फेजचा एसी करंट तयार करतो आणि सहा डायोड त्याचा डीसी करतात. हा डीसी अगदी सपाट नसतो, त्यावर बारीक लाटा राहतात. बारा पोलच्या नेहमीच्या अल्टरनेटरमध्ये एका फेरीला अशा ३६ लाटा उठतात. एंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर उभं असेल आणि पुलीमुळे अल्टरनेटर अडीचपट वेगानं, म्हणजे २००० फेऱ्यांनी फिरत असेल, तर सेकंदाला साधारण १२०० लाटा होतात. एंजिन २००० फेऱ्यांवर नेलं की त्याच ३००० होतात, आणि नेमक्या याच पट्ट्यात माणसाचा कान सगळ्यात तिखट असतो. म्हणून एवढीशी लाटसुद्धा इतकी बोचते. या लाटा प्रत्येक गाडीत असतात. गाण्याच्या वाटेत त्या शिरल्या, तरच ऐकू येतात.

तेव्हा पहिलं काम कानाचं. एंजिन बंद, चावी फक्त ॲक्सेसरीवर, आवाज शून्यावर ठेवून ऐका. मग सेल्फ मारा आणि पुन्हा ऐका. रेसबरोबर चढणारी शीळ अल्टरनेटरची. रेसशी काहीच देणंघेणं नसलेली, एकसारखी ‘हिस्स’ असेल तर ती बहुधा ॲम्पचा गेन जास्त असल्याची खूण. पेट्रोल गाडीत रेसबरोबर वाढणारी टिकटिक स्पार्क प्लगच्या बाजूची असू शकते; तिथे रेझिस्टरचा प्लग आणि धड वायर आहेत का ते बघावं. डिझेल गाडीला स्पार्क प्लग नसतातच, त्यामुळे डिझेलवाल्याला कोणी ‘प्लग बदला’ म्हणालं तर सरळ नाही म्हणा. इंडिकेटर, वायपर, फ्यूल पंप यांचे आवाज त्या त्या वेळीच येतात, ते ओळखायला अवघड जात नाही.

यानंतरची तपासणी फुकटात होते, आणि लोक नेमकी तीच सोडतात. मोबाइलचा चार्जर काढा. फोन चार्जिंगला आहे आणि त्याच फोनवरून ऑक्सच्या वायरनं गाणं चालू आहे, अशा वेळी चार्जरचा अर्थ (म्हणजे ग्राउंड) आणि ऑक्सचा अर्थ मिळून एक वेटोळं तयार होतं आणि चार्जरमधला सगळा कचरा गाण्यात येतो. चार्जर काढल्यावर आवाज गेला, तर रोग तिथंच संपला. गाणं ब्लूटूथवर घ्या, किंवा ऑक्सच्या वायरीत ग्राउंड लूप आयसोलेटर लावा. खरखर फक्त एफएमवर असेल तर ॲम्पला हातसुद्धा लावू नका. डॅशकॅम, बाजारातून घातलेले एलईडी हेडलाइट, स्वस्त चार्जर हे एकेक बंद करून बघा. त्यांच्या आतल्या स्विचिंग सर्किटचा त्रास अँटेना पकडते.

आता डिकीकडे वळू. स्टिरिओ आणि ॲम्प बंद करा, म्हणजे पूर्ण बंद, आणि मग ॲम्पमधून आरसीए वायरी, म्हणजे स्टिरिओकडून गाण्याचा सिग्नल आणणाऱ्या वायरी, काढा. एंजिन, स्टिरिओ आणि ॲम्प पुन्हा चालू करा. शीळ गेली असेल तर ती आरसीएमधून, म्हणजे स्टिरिओकडून किंवा वाटेतून येत होती. शीळ तशीच राहिली तर दोष ॲम्पच्या पॉवरमध्ये, अर्थमध्ये किंवा स्पीकरच्या वायरीत आहे. दाराच्या बिजागरीत सोलपटलेली आणि बॉडीला टेकलेली वायर हे नेहमीचं दुखणं. आणखी खात्री करायची असेल तर एक फोन घ्या, चार्जरला न लावलेला, आणि ऑक्स-ते-आरसीए वायरनं तो थेट ॲम्पला जोडून गाणं लावा. स्वच्छ वाजलं, तर ॲम्प निर्दोष आहे. मोठा ॲम्प घ्यायला निघालेल्या माणसाचे पैसे या एका चाचणीनं वाचतात.

आणि आता अर्थ. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण बहुतेक गाड्यांचं उत्तर इथंच असतं. ॲम्पला बॅटरीपासून लाल जाड वायर येते, ती सगळे नीट ओढतात. काळी वायर मात्र हाताला लागेल त्या स्क्रूखाली दाबली जाते. त्या स्क्रूखाली रंग असतो, प्रायमर असतो, कधी गंज असतो. समजा तिथं अवघा ०.०२ ओहमचा अडथळा राहिला आणि ॲम्प २० ॲम्पिअर ओढतोय, तर ०.४ व्होल्टचा फरक पडतो. म्हणजे ॲम्पचा ‘शून्य’ आणि पुढं डॅशबोर्डमधल्या स्टिरिओचा ‘शून्य’ हे वेगवेगळे झाले. दोघांना जोडणारी आणखी एक वाट असते आरसीए वायरीची बाहेरची जाळी. मग करंट तिच्यातून वाहू लागतो, आणि गाण्याचा सिग्नल तर त्याच वायरीतून चाललेला असतो. अल्टरनेटरच्या लाटा अशा रीतीनं गाण्यात मिसळतात.

उपाय साधा आहे, तो मन लावून केला पाहिजे. काळी वायर लाल वायरीइतकीच जाड हवी आणि शक्यतो दीड फुटाच्या आत बॉडीला भिडली पाहिजे. जागा अशी निवडा की खाली गाडीचा मूळ पत्रा असेल, वरून जोडलेली पातळ पट्टी नको. पॉलिश पेपरनं रंग काढून पत्रा चकचकीत करा. वायरीला थिंबल नीट दाबून बसवा, दातेरी वायसर टाका, बोल्ट आवळा आणि वरून ग्रीस किंवा रंग लावून जागा झाका. आपल्याकडे हे शेवटचं काम टाळून चालत नाही. कोकणात, गोव्यात किंवा मुंबईच्या खाऱ्या हवेत उघडा पत्रा गंजायला एक पावसाळा पुरतो, आणि दिवाळीत तीच शीळ परत येते.

केलेलं काम मीटरनं पडताळा. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एंजिन चालू, गाणं जरा मोठं. एक टोक ॲम्पच्या अर्थच्या स्क्रूला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. त्यासाठी लांब वायर लागेल. आकडा ०.१ व्होल्टच्या आत असावा. ०.५ च्या घरात गेला तर अर्थ कच्चा आहे, दुकानदार काहीही म्हणो. नव्या गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्हवर करंट मोजणारा सेन्सर असतो. अशा गाडीत ॲम्पचा अर्थ बॉडीवरच घ्या, थेट बॅटरीच्या टोकावर नको, नाहीतर त्या सेन्सरचा हिशेब चुकतो.

अर्थ पक्का करूनही शीळ उरली, तर काही स्टिरिओंच्या बाबतीत आणखी एक जागा बघावी लागते. त्यांच्या आत आरसीएच्या अर्थवर एक बारीक फ्यूज असतो. स्टिरिओ चालू असताना आरसीए काढली-घातली, किंवा ॲम्पचा अर्थ सुटला, तर तो उडतो आणि शीळ सुरू होते. चाचणी सोपी : स्टिरिओच्या मागच्या आरसीएची बाहेरची कडा आणि स्टिरिओचा लोखंडी डबा हे वायरीच्या तुकड्यानं जोडा. आवाज झटकन गेला, तर तो फ्यूजच उडालाय. दुरुस्ती चांगल्या कारागिराकडून करून घ्या. म्हणूनच वर ‘पूर्ण बंद’ म्हटलं.

वायरींच्या वाटेचं थोडक्यात सांगतो. पॉवरची वायर एका उंबऱ्यातून आणि आरसीए दुसऱ्या उंबऱ्यातून न्यावी. कुठं एकमेकींना ओलांडावंच लागलं तर काटकोनात. शंका असेल तर दुसरी आरसीए सीटवरून मोकळी टाकून बघा, फरक पडला तरच कार्पेट उचला. गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे. स्टिरिओ तीन चतुर्थांशावर ठेवून गेन शून्यापासून वर न्या, आवाज फाटायला लागला की थोडा मागे घ्या. गेन चढवून ठेवला की गाण्याबरोबर घाणही मोठी होते.

कधी कधी दोष खरंच अल्टरनेटरचा असतो. एंजिन बंद असताना चांगल्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसतात, चालू केल्यावर बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.४. एखादा डायोड गेला की लाटा मोठ्या होतात आणि शिळेला घरघर येते. चांगला मीटर एसीवर ठेवून बॅटरीवर बघितलं तर ०.१ व्होल्टच्या आत असावं; अर्ध्या व्होल्टच्या पुढं असेल तर गाडी वायरमनकडे न्या, कारण मग प्रश्न गाण्यापुरता उरत नाही. मात्र सगळ्यात स्वस्त पिवळ्या मीटरवर हे मोजू नका. त्याची एसीची पहिलीच रेंज २०० व्होल्टची असते, आणि त्या रेंजवर बॅटरीचा डीसी आला तर तो २५-३० असा खोटा आकडा दाखवतो.

मग फिल्टर कधीच लावू नये का? सगळं तपासून झाल्यावर, गाडीची मूळ वायरिंग बदलणं शक्य नसेल तेव्हा लावावा. आरसीएत टाकायचे स्वस्त आयसोलेटर आतल्या छोट्या ट्रान्सफॉर्मरमुळे बास खातात. ज्या वूफरसाठी पैसे मोजले त्याचाच आवाज त्यानं पातळ होतो. कच्चा अर्थ तसाच ठेवून वर फिल्टर टाकणारा फिटर तुमचं काम अर्धवट करतो आहे, असं मी स्पष्ट म्हणेन. कच्च्या जोडात उष्णता तयार होते, आणि ती फिल्टरला कळत नाही.

इथं काही गोष्टी हात जोडून सांगतो. लाल वायरीवर बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज असलाच पाहिजे. ॲम्पवरचा फ्यूज ॲम्पसाठी असतो, वाटेतल्या वायरीसाठी नाही. ती वायर फायरवॉलच्या पत्र्यात घासली गेली आणि फ्यूज नसला, तर गाडी पेटू शकते. पत्र्यातल्या भोकात रबरी ग्रोमेट हवाच. सीटबेल्टचा बोल्ट अर्थसाठी कधीही वापरू नका. मागच्या सीटखाली स्क्रू मारण्याआधी खाली वाकून बघा, बऱ्याच गाड्यांत तिथंच इंधनाची टाकी असते. डिकीत सीएनजीचा सिलिंडर असेल तर त्याच्या स्टँडचे बोल्ट सोडू नका आणि त्यावर अर्थ घेऊ नका. पिवळ्या आवरणातल्या वायरी एअरबॅगच्या, त्यांच्या वाटेला जाऊ नका. आणि कोणत्याही जोडाला हात घालण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह काढा. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर सर्रास मिळते. त्याच जाडीत तिचा अडथळा शुद्ध तांब्यापेक्षा दीडपटीहून जास्त असतो. घेताना टोक खरवडून बघा, आतून पांढरी निघाली तर ती तांब्याच्या भावात घेऊ नका.

हे सगळं स्वतः करणं प्रत्येकाला जमणार नाही, आणि फिटरकडे जाण्यात काही कमीपणा नाही. जाताना एवढंच करा : आवाज कधी येतो, रेसबरोबर चढतो का, आरसीए काढल्यावर काय होतं, हे कागदावर लिहून न्या. मूळ वायरी कापू नका, कपलर लावा, असं आधीच बजावा. वॉरंटीचा वाद त्यानं टळतो. अर्थची जागा कुठली, तिथला रंग काढला का, हे झाकण्यापूर्वी डोळ्यांनी बघा. आणि पैसे देण्याआधी एंजिन चालू करा, हेडलाइट, एसी, मागच्या काचेचा हीटर, मोबाइलचा चार्जर सगळं लावा, काचा चढवा, आवाज शून्यावर आणा, हळूहळू रेस द्या आणि ऐका. तेव्हा काही ऐकू आलं, तर गाडी तिथून हलवू नका.