सर्पदंश, मंत्र आणि आपली श्रद्धा

पावसाचे दिवस सुरू झाले आहेत. शेतात चिखलणी चालली आहे, कुळागरात गवत कमरेएवढे वाढले आहे आणि बिळांत पाणी शिरल्यामुळे त्यांत राहणारी जनावरे बाहेर पडू लागली आहेत. रात्रीच्या वेळी सापाचे नाव घेऊ नये म्हणून आपण त्याला 'जनावर' म्हणतो. यात फारसे बिघडत नाही. परंतु साप चावल्यावर आपण जे करतो, त्यात मात्र माणसे दगावतात. म्हणून शेती व आरोग्याच्या या पानावर आज या विषयी लिहीत आहोत.

काही वर्षांपूर्वी आम्ही दुसऱ्या एका धर्मग्रामात होतो. तेथील एका शेतकऱ्याला तिन्हीसांजेस गवत कापताना पायाला घोणस चावली. घरच्यांनी प्रथम पायाला करकचून दोरी बांधली व त्याला नदीपलीकडच्या घाड्याकडे नेले. तेथे मंत्र झाला, पाला बांधला गेला. परत येताना, आपण ख्रिस्ती असून घाड्याकडे गेलो ही टोचणी मनाला लागली, म्हणून ते धर्मगुरूंच्या निवासावर पवित्र पाणी मागण्यास आले. आम्ही काय केले? दिवा लावला, पाणी शिंपडले, सर्वांना गुडघे टेकायला लावून सावकाश प्रार्थना म्हटली. वीस मिनिटे गेली. इस्पितळात डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, चावून किती वेळ झाला? चार तास झाले होते. मूत्रपिंडे निकामी होत आली होती. कित्येक दिवस डायलिसिसवर काढून तो माणूस वाचला, ही देवाची कृपा. पण त्या चार तासांत घाड्याचा जसा वाटा होता, तसाच आमचाही होता.

मंत्राने माणसे बरी होतात असे आपल्यापैकी पुष्कळजण शपथेवर सांगतील, आणि ते खोटे बोलत नाहीत. आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी आहेत. विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी तो विष सोडतोच असे नाही. अशा माणसावर मंत्र घातला काय आणि न घातला काय, तो बरा होणारच. त्याचे श्रेय मंत्राला मिळते व गावभर त्याची कथा होते. जो मरतो त्याच्याविषयी 'वेळ भरली होती' असे म्हटले जाते. अशा हिशेबात मंत्र कधी हरतच नाही.

विषाला मात्र हा हिशेब कळत नाही. नाग व मण्यार यांचे विष नसांवर चढते. पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही आणि शेवटी श्वास थांबतो. मण्यार तर रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दुखत फारसे नाही, जखमही दिसत नाही. पहाटे मूल पोटात दुखते म्हणून रडत उठले व त्याच्या पापण्या जड झाल्या असतील, तर अपचन समजून ओव्याचे पाणी देत बसू नका. घोणस व फुरसे यांच्या विषाने रक्त गोठेनासे होते. या चारही सापांवर चालणारी लस घोड्यांच्या रक्तापासून तयार करतात. शरीरात फिरणारे विष ती निकामी करते, पण जे नुकसान होऊन गेले ते भरून काढू शकत नाही. घड्याळाचे महत्त्व आहे ते यासाठी. (काजूच्या बागेत आढळणाऱ्या हिरव्या चापड्याच्या विषावर ही लस बनवलेली नाही. तरीही इस्पितळात जायचेच, कारण कोणता साप चावला हे आपण अंधारात ठरवू नये.) भारतात २००० ते २०१९ या काळात दरवर्षी सरासरी ५८,००० माणसे सर्पदंशाने मेली असा संशोधकांचा अंदाज आहे. त्यांत बहुतेक आपल्यासारखे खेड्यांतले कष्टकरी लोक होते.

आता मुळाशी जाऊ. आपण घाड्याकडे धावतो ते केवळ औषध म्हणून नव्हे. साप चावला म्हणजे राखणदार कोपला, कोणाची तरी हाय लागली, नवस राहून गेला, काही पाप घडले, ही भीती आत बसलेली असते. आजाराला औषध असते, पण कोपाला माणूस उताराच शोधतो. ही भीती बायबलातील माणसांनाही होती. प्रेषितांच्या कृत्यांत २८व्या अध्यायात संत पौल माल्टा बेटावर शेकोटीसाठी काटक्या गोळा करतो. आपल्या बायका सरपण गोळा करतात तसाच. त्यातून विषारी साप निघून त्याच्या हाताला डसतो. बेटावरचे लोक लगेच म्हणतात, हा खुनी असला पाहिजे, दैव याला सोडत नाही. तो मरत नाही हे पाहून तेच लोक त्याला देव ठरवतात. दोन्ही वेळा ते चुकले. पौल खुनीही नव्हता आणि देवही नव्हता. जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी कोणाचे पाप म्हणून विचारले, तेव्हा प्रभू येशूने ना त्याला दोष दिला ना त्याच्या आईबापांना. सिलोआमचा बुरूज कोसळून जे अठरा जण मेले, ते इतरांहून अधिक पापी नव्हते, हेही त्यानेच सांगितले. सापाच्या दातांत देवाचा न्याय शोधू नये, ही शिकवण आपल्याला दोन हजार वर्षांपूर्वी मिळाली आहे.

कोणी म्हणेल, विश्वासणारे साप हाती धरतील असे मार्काच्या शुभवर्तमानाच्या शेवटी लिहिले आहे. लिहिले आहे. पण मंदिराच्या शिखरावर सैतानानेही स्तोत्राचाच आधार घेतला होता, आणि देवाची परीक्षा पाहू नये हे प्रभूने त्याला सुनावले.

घाड्याला नावे ठेवून आपण मोकळे होऊ शकत नाही. मोशेने रानात पितळेचा साप उभारला तो देवाच्या आज्ञेने. पण पुढे लोक त्यालाच धूप जाळू लागले, तेव्हा हिज्किया राजाने त्याचे तुकडे केले. पौल ज्या गुहेत राहिला असे मानतात, तेथील माती विषावरचा उतारा म्हणून युरोपभर विकली गेली. आणि आपल्या गोव्यात, सतराव्या शतकात, येशूसंघाच्या एका बंधूने बनवलेले 'गोवा दगड' विषावरचे औषध म्हणून सोन्याच्या जाळीदार डब्यांतून परदेशी जात होते. आज ते संग्रहालयांत आहेत. पवित्र पाणी, स्कापुलार, मेणबत्ती यांचा आपण मंत्रासारखा वापर केला, तर फक्त घाडी बदलला, भीती तीच राहिली.

हुकुमाने ही भीती जात नाही हेही आपण पाहिले आहे. १७३६ मध्ये गोव्याच्या इन्क्विझिशनने तुळस लावण्यापासून लग्नातल्या हळदीपर्यंत कितीतरी गोष्टींवर बंदी घातली. त्यांतल्या बऱ्याच निरुपद्रवी होत्या. एवढे करून दृष्ट काढणे आजही घरोघर चालू आहे! त्याच्या १२० वर्षे आधी, १६१६ मध्ये, फादर स्टीफन्स यांनी ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत सांगितली. आम्हाला तोच मार्ग बरा वाटतो. म्हणून गावच्या घाड्याशी भांडू नका. तो अनेकदा आपला शेजारीच असतो. त्याला एवढेच सांगा की, माणूस आला तर पहिल्यांदा गाडीत घाल. काही घाडी हे ऐकतात.

सिराखाच्या ग्रंथात ३८व्या अध्यायात वैद्याचा मान राखायला सांगितले आहे, कारण औषधे देवानेच भूमीतून निर्माण केली. तेथे प्रार्थना आणि वैद्य शेजारी शेजारी बसले आहेत, एकमेकांच्या वाटेत नाहीत. तेव्हा प्रार्थना जरूर करा, पण चालत्या गाडीत. आजाऱ्याचा अभ्यंगसंस्कार हवा असेल तर निवासावर थांबू नका, फोन करा. आम्ही इस्पितळात येऊ.

चावलेल्याला चालवू नका. हातपाय मोडल्यावर बांधतो तसा तो अवयव फळीला सैल बांधून स्थिर ठेवा. अंगठ्या, बांगड्या, पैंजण काढा. दोरी आवळू नका, जखम कापू नका, चोखू नका, उराक किंवा फेणी तर अजिबात पाजू नका. साप मारत बसू नका. वेळ लिहून ठेवा व १०८ला फोन लावा. फोंड्याच्या सरकारी इस्पितळात किंवा बांबोळीला न्या. पेडणे व डिचोली भागातल्या नातलगांना म्हापशाचे जिल्हा इस्पितळ जवळ पडेल. शेतात गमबूट, रात्री विजेरी, आणि झोपताना मच्छरदाणी गादीखाली खोचलेली असावी.

येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर सभागृहात थोडा वेळ थांबावे. प्रत्येक वाड्यावर रात्री-अपरात्री गाडी काढू शकणाऱ्या दोन घरांची नावे व फोन नंबर आम्हाला हवे आहेत. ती यादी देवळाच्या दाराशी लावू. पहिले नाव आमच्या निवासाचे आहे.