गाठ काढली, तरी कॅन्सर लिव्हरमध्ये कसा पोहोचतो? ‘एक्सोसोम’च्या बातम्यांचा रुग्णांसाठी अर्थ

“ऑपरेशन चांगले झाले, गाठ पूर्ण निघाली असे सांगितले होते. मग काही महिन्यांत लिव्हरमध्ये डाग कुठून आले?” स्वादुपिंडाच्या किंवा मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या रुग्णांचे नातेवाईक हा प्रश्न अनेकदा विचारतात. ऑपरेशनमध्ये काही राहून गेले का, सुई टोचल्याने किंवा चाकू लागल्याने रोग पसरला का, अशा शंकाही त्यामागे असतात.

या प्रश्नाचे उत्तर देणारे बरेच संशोधन गेल्या दहा वर्षांत झाले आहे आणि त्यातील ‘एक्सोसोम’ हा शब्द आता बातम्यांत आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो. याच नावाने काही ठिकाणी महागडे उपचारही विकले जातात. म्हणून या संशोधनात काय सापडले आणि त्यातले आज तुमच्या उपयोगाचे किती, हे वेगवेगळे समजून घेऊ.

एक्सोसोम म्हणजे काय?

शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशी आपल्याबाहेर अतिसूक्ष्म पिशव्या सोडत असते. त्यांतील एका प्रकाराला एक्सोसोम म्हणतात. त्यांचा आकार साधारण ३० ते १५० नॅनोमीटर असतो, म्हणजे केसाच्या जाडीच्या सुमारे हजारावा भाग. या पिशवीत प्रथिने, चरबीचे घटक आणि आरएनए असतात. एका पेशीने दुसरीला पाठवलेले हे पार्सलच. निरोगी माणसाच्या रक्तातही अशी असंख्य पार्सले असतात, त्यामुळे रक्तात एक्सोसोम असणे हा आजार नव्हे.

कर्करोगाच्या पेशीही अशी पार्सले सोडतात. त्यांतील मजकूर मात्र गाठीच्या फायद्याचा असतो.

लिव्हरच का?

आतडी, जठर आणि स्वादुपिंड यांतून येणारे रक्त एका मोठ्या शिरेतून आधी लिव्हरमध्ये जाते. त्यामुळे या अवयवांतून सुटलेल्या कर्करोगाच्या पेशींना वाटेत पहिला मोठा मुक्काम लिव्हरचाच लागतो.

पण एवढे कारण पुरेसे नाही. १८८९ मध्ये स्टीफन पेजेट या इंग्रज सर्जनने स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या. लिव्हरमध्ये गाठी वारंवार आढळल्या, तर प्लीहेत क्वचितच, आणि प्लीहेलाही रक्तपुरवठा भरपूर असतो. त्यावरून त्याने म्हटले की, कर्करोगाची पेशी हे बी आहे. अनुकूल जमीन मिळाली तरच ते रुजते.

ही जमीन गाठ स्वतःच आधी तयार करून घेते, हे अलीकडच्या संशोधनातून दिसले. २०१५ मध्ये न्यूयॉर्कमधील डेव्हिड लायडन यांच्या गटाने दोन महत्त्वाचे शोधनिबंध प्रसिद्ध केले. एकात असे आढळले की, एक्सोसोमच्या वेष्टनावरील काही प्रथिने पत्त्यासारखे काम करतात: एका प्रकारची पार्सले फुप्फुसाकडे जातात, दुसऱ्या प्रकारची लिव्हरकडे.

दुसऱ्या अभ्यासात स्वादुपिंडाच्या कर्करोगाची पार्सले उंदरांच्या लिव्हरमध्ये काय करतात ते पाहिले. रक्तातील कचरा गिळणाऱ्या लिव्हरच्या कुप्फर पेशी ही पार्सले गिळतात. त्या चेतवल्या की शेजारच्या पेशी तंतुमय पदार्थ तयार करू लागतात. मग अस्थिमज्जेतून आलेल्या काही पेशी त्या जागी जमा होतात. अशा तऱ्हेने कर्करोगाची पेशी पोहोचण्याआधीच तिच्यासाठी वाफा तयार होतो. पार्सलातील ‘एमआयएफ’ नावाचे प्रथिन अडवले, तेव्हा उंदरांत ही तयारी रोखता आली.

अलीकडे काय कळले?

२०२३ मध्ये याच गटाने दाखवले की, गाठ दुसऱ्या अवयवात असली आणि लिव्हरमध्ये पसरलेली नसली, तरी तिने सोडलेल्या कणांमुळे उंदरांच्या लिव्हरमध्ये चरबी साठते आणि औषधे पचवण्याची त्याची क्षमता घटते. केमोचा त्रास काहींना जास्त का होतो, याचे एक कारण येथे असू शकते.

२०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्वादुपिंडाचा कर्करोग न पसरलेल्या ४९ रुग्णांच्या लिव्हरचे तुकडे ऑपरेशनच्या वेळी घेऊन तपासले. ज्यांना पुढे लवकर लिव्हरमध्ये रोग झाला, त्यांच्या लिव्हरमध्ये वेगळे बदल आधीपासूनच दिसत होते. हे माणसांतले निरीक्षण असल्याने महत्त्वाचे आहे, पण ४९ ही संख्या लहान आहे.

मग आज उपचारात काय बदलले?

नेहमीच्या उपचारात अजून काही नाही. लिव्हरमध्ये कर्करोग पसरेल का, हे एक्सोसोमवरून सांगणारी कोणतीही तपासणी नेहमीच्या वापरात नाही. पसरणे रोखण्यासाठी एक्सोसोम अडवणारे मान्यताप्राप्त औषधही नाही. सावधगिरीचे कारणही आहे. २०१५ मध्येच एक्सोसोमवरील एका प्रथिनावरून स्वादुपिंडाचा कर्करोग अचूक ओळखता येतो, अशी बातमी गाजली. नंतर काही प्रयोगशाळांना तशी अचूकता मिळाली नाही.

‘एक्सोसोम थेरपी’ ही तर वेगळीच गोष्ट. अमेरिकेच्या एफडीएने डिसेंबर २०१९ मध्ये अशा उत्पादनांबद्दल जाहीर इशारा दिला होता. कर्करोगाच्या रुग्णाने अशी इंजेक्शने घेऊ नयेत. त्यासाठी जमीन किंवा दागिने विकणे तर नकोच.

तुम्ही काय करावे?

• ऑपरेशननंतर केमो सांगितली असेल, तर “गाठ तर निघाली” म्हणून ती टाळू नका. स्कॅनमध्ये न दिसणाऱ्या पेशी निसटलेल्या असू शकतात. ही केमो त्यांच्यासाठी असते.

• फॉलोअपच्या तारखा चुकवू नका. विशेषतः मोठ्या आतड्याच्या कर्करोगात लिव्हरमधील मोजके डाग वेळीच सापडले, तर काही रुग्णांत ते ऑपरेशनने काढता येतात आणि त्यांतले काही पूर्ण बरेही होतात.

• लिव्हरवर जादा भार टाकू नका. दारू बंद. वेदनाशामक गोळ्या, काढे, पावडरी, जे काही घेत असाल ते कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवा. करोनाकाळात गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला इजा झालेले रुग्ण मुंबईतील डॉक्टरांनी नोंदवले आहेत. ‘नैसर्गिक’ म्हणजे निर्धोक नव्हे.

• डोळे पिवळे होणे, पोट फुगणे, उजव्या बरगडीखाली दुखणे, झपाट्याने वजन घटणे यांपैकी काही आढळल्यास पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

• बायोप्सीला घाबरू नका. सुईच्या मार्गात पेशी रुजणे अतिशय क्वचित घडते आणि बायोप्सीशिवाय नेमका उपचार ठरवता येत नाही.

लिव्हरमध्ये डाग दिसले की घरात दोष शोधणे सुरू होते: कोणी सर्जनला, कोणी बायोप्सीला, कोणी रुग्णाच्या खाण्याला दोष देतो. पण पसरण्याची ही तयारी बरेचदा निदानाच्या आधीच सुरू झालेली असू शकते. ती रुग्णाने किंवा घरच्यांनी ओढवून घेतलेली नसते. म्हणून “कोणामुळे झाले?” यात वेळ घालवण्यापेक्षा पुढच्या भेटीत डॉक्टरांना हे विचारा: डाग किती आहेत, ते काढता येतील का, आणि पुढची तपासणी कधी?