व्हाउचर पाहणारा माणूस

परवा सूनबाईनं विचारलं, "बाबा, गोवराच्या लशीनं मुलं स्वमग्न होतात म्हणे. खरं का?" नातीला लस द्यायची होती. "छे, काहीतरीच!" मी म्हणालो. "पण तुम्हाला कसं माहीत?" या प्रश्नावर मी गप्प झालो.

उभं आयुष्य बँकेत गेलं. ताळेबंद कितीही देखणा असो, व्हाउचर पाहिल्याशिवाय सही करायची नाही, हे तिथलं पहिलं शिक्षण. बारा पैशांच्या फरकासाठी आम्ही सहामाहीला मध्यरात्रीपर्यंत लेजरं चाळायचो. आणि घरात मात्र मी न पाहताच सही ठोकली होती.

मग वाचायला बसलो आणि ब्रायन डीअर या ब्रिटिश पत्रकाराची ओळख झाली. फेब्रुवारी १९९८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. अँड्र्यू वेकफिल्ड आणि सहकाऱ्यांचा लेख आला. अवघी १२ मुलं. पण तेवढ्यावरून गोवर, गालगुंड आणि रुबेलाच्या एकत्रित लशीवर संशयाचं सावट आलं. ब्रिटनमधलं या लशीचं प्रमाण पुढे ८० टक्क्यांच्या आसपास घसरलं. डेन्मार्कमधल्या पाच लाखांहून अधिक मुलांच्या पाहणीत २००२ साली असा काही संबंध आढळला नाही. तरी भीती हटेना.

डीअर यांनी व्हाउचरंच मागितली. लस-कंपन्यांविरुद्ध दाव्याची तयारी करणाऱ्या वकिलांकडून वेकफिल्ड यांना पैसे मिळत होते आणि लेखात त्याचा उल्लेख नव्हता, हे त्यांनी २००४ मध्ये 'संडे टाइम्स'मध्ये छापलं. वेकफिल्ड यांनी बदनामीचा दावा लावला. २००७ मध्ये तो मागे घेतला. २०१० मध्ये 'लॅन्सेट'नं लेख रद्द केला, वेकफिल्ड यांचा डॉक्टरकीचा परवानाही गेला. २०११ मध्ये डीअर यांनी मुलांच्या मूळ वैद्यकीय नोंदी आणि छापील लेख ताडून दाखवला. बारांपैकी एकाही मुलाची हकिगत धड जुळत नव्हती.

डॉक्टर नसलेल्यानं डॉक्टरांना जाब विचारू नये, असं आपल्याकडे अनेकांना वाटतं. मला ते पटत नाही. हिशेबतपासनीस स्वतः कुठे व्यापारी असतो? मात्र त्यानं आपलीही कागदपत्रं उघडी ठेवावीत. एका वार्ताहराला वर्षानुवर्षं एकाच विषयावर बसवणं वृत्तपत्रांना परवडत नाही म्हणतात. पण न बसवण्याची किंमत कोण मोजतं? ब्रिटनमध्ये २००६ साली तेरा वर्षांचा एक मुलगा गोवरानं दगावला. तिथला चौदा वर्षांतला गोवराचा तो पहिला बळी.

हे सारं मी सूनबाईला सांगितलं. तिनं मन लावून ऐकलं. "मग हे आधीच सांगायचं ना!" एवढंच म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी नातीला लस देऊन आली. तिची शंका मी हसण्यावारी नेली होती, याची टोचणी मात्र मला अजून आहे.