दहावीनंतर काय? : छपरावरची वीज



पुणे-नाशिक रस्त्याने मोशी ओलांडून चाकणकडे निघालं, की दोन्ही बाजूंना कारखान्यांच्या शेड दिसू लागतात. भिंती दिसतात, फाटकं दिसतात, शिफ्ट सुटल्यावरची गर्दी दिसते. छपरं मात्र रस्त्यावरून दिसत नाहीत. आज आपल्याला तिथेच चढायचं आहे!

चाकणच्या फोक्सवॅगन कारखान्याच्या छपरांवर २०२१ पर्यंत पंचवीस हजारांहून जास्त सौर पॅनेल बसली होती. क्षमता साडेआठ मेगावॅट. ही पॅनेल वर कोणी चढवली? पावसाळ्यात पत्रा गळणार नाही अशी कोणी बसवली? वर्गात मी हे विचारलं, तर सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "इंजिनिअरनी!" इंजिनिअर आराखडा करतो हे खरं. पण पॅनेलखालचा सांगाडा फिटर आणि वेल्डर उभा करतात, तारा इलेक्ट्रिशियन जोडतो, आणि नंतर वर्षानुवर्षं धूळ पुसायला, बिघाड शोधायला माणसं लागतातच. आपल्या पिंपरी-चिंचवडच्या घराघरांत फिटर, टर्नर, वेल्डर आहेत. म्हणजे या नव्या धंद्याची अर्धी विद्या आपल्या गल्लीत आधीपासूनच आहे, बरं का!

आता थोडं विज्ञान. पॅनेलमध्ये सिलिकॉनचे पातळ तुकडे असतात, त्यांना सेल म्हणतात. एका सेलमधून जेमतेम अर्धा व्होल्ट मिळतो. म्हणून ते साखळीसारखे एकापुढे एक जोडतात. गंमत अशी, की साखळीतल्या एका सेलवर सावली पडली तरी बाकीच्यांचं काम अडतं. पाण्याच्या नळीवर कोणी पाय ठेवावा ना, तसंच. दुसरी गंमत म्हणजे पॅनेलला ऊन हवं असतं, उष्णता नको असते. त्याची क्षमता २५ अंश सेल्सिअसला मोजलेली असते. त्याच्या वर दर अंशाला साधारण एक तृतीयांश टक्का वीज कमी होते. एप्रिलच्या दुपारी पॅनेल ६० अंशांपर्यंत तापलं, तर किती वीज घटेल? करा बघू हिशोब. (बारा टक्क्यांच्या आसपास यायला हवं.)

घरांचंही काम वाढतं आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये 'पीएम सूर्यघर' योजना सुरू झाली, तिचं उद्दिष्ट एक कोटी घरांचं. एक किलोवॅटला छपरावर सुमारे शंभर चौरस फूट जागा लागते आणि स्वच्छ उन्हात दिवसाला चारेक युनिट वीज मिळते. पावसाळ्यात कमी. पॅनेलमधली डीसी वीज इन्व्हर्टर एसी करतो, आणि उरलेली वीज महावितरणच्या तारांत जाते. तिची नोंद नेट मीटर ठेवतो.

मग शिकायचं काय? इथे माझं मत स्पष्ट आहे. आधी वीज शिका, सोलर नंतर. आयटीआयमध्ये आता एक वर्षाचा सोलर टेक्निशियनचाही ट्रेड आहे. तो वाईट नाही. पण दोन वर्षांचा इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन झालेला मुलगा सोलरमध्ये जातो, कारखान्यात जातो, उद्या काम मंदावलं तर स्वतःचं दुकानही टाकतो. वायरमनला आठवी पास चालते, इलेक्ट्रिशियनला दहावी लागते. मोरवाडीत महानगरपालिकेचं आयटीआय आहे, तिथे चौकशी करा. पुढे शिकावंसं वाटलं तर दोन वर्षांच्या आयटीआयनंतर तंत्रनिकेतनात थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. सौर कामाचं 'सूर्यमित्र' प्रशिक्षण केंद्र सरकारने २०१५ मध्ये सुरू केलं. ते आयटीआयनंतर घेतलं तर जास्त उपयोगी. "पंधरा दिवसांत सोलर एक्स्पर्ट, नोकरीची हमी" अशा पाट्या दिसल्या, तर पैसे भरण्याआधी तिथून बाहेर पडलेल्या दोघा-तिघांना गाठून विचारा.

मुलींनो, हे तुमच्यासाठीही आहे. "पोरगी काय पत्र्यावर चढणार?" असं कोणी म्हणालं, तर त्यांना सांगा की पट्टा बांधल्याशिवाय पोरानेही चढायचं नसतं.

त्या पट्ट्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण जाहिरातीत हे नसतं. घरातल्या विजेचा दाब २३० व्होल्ट. छपरावर पंधरा पॅनेल एकामागे एक जोडली, प्रत्येकी चाळीस व्होल्ट धरले, तर झाले सहाशे! खाली मेन स्विच बंद केला तरी ऊन असेतो पॅनेलच्या तारांत दाब असतोच. सूर्याला बटण नाही. शिवाय जुने सिमेंटचे पत्रे पायाखाली अचानक फुटतात. म्हणून कामाला लागताना पगाराआधी तीन गोष्टी विचारायच्या : सुरक्षा पट्टा आणि हेल्मेट कोण देणार, विमा आणि पीएफ आहे का, आणि काम ठेकेदाराचं आहे की कंपनीचं. यातलं बरंच काम ठेकेदारीचं असतं. साइट संपली की पुढची कधी मिळेल याचा भरवसा नसतो. "विचारलं तर ठेवणार नाहीत" असं पालक म्हणतात. त्यांची काळजी मला कळते, या शहरात बंद पडलेले कारखाने त्यांनी पाहिलेत. पण पट्टा मागितल्यावर जो कामावर ठेवत नाही, त्याच्या छपरावर आपलं मूल असावं का, हे त्यांनीच ठरवावं.

या रविवारी एक उद्योग करा. मोठ्या माणसाला बरोबर घेऊन, कठडा असलेल्या गच्चीवर होकायंत्र न्या आणि दक्षिण दिशा शोधा. आपल्याकडे पॅनेलचं तोंड तिकडेच ठेवतात. मग सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता पाण्याच्या टाकीची सावली कुठवर येते, तिथे खडूने रेघ मारा. जागा मोजून वहीत तारखेसह लिहा. मेच्या मध्यावर भरदुपारी सावली जवळजवळ नाहीशी होते आणि डिसेंबरात ती टाकीच्या उंचीइतकी लांबते, म्हणून तेव्हा पुन्हा मोजा. सावली चुकवून किती चौरस फूट जागा उरली? तिला शंभराने भागा. तुमच्या गच्चीवर साधारण तेवढे किलोवॅट बसतील.